कृष्णाआत्यांची जोडी आणि माझी गवसणी

मी काहीही शिवलं, पिशवी असो, अभ्रा असो, तान्ह्याचं झबलं असो, की ते देण्याआधी एक काम करते. डावा हात पाठीमागे धरते आणि नुसत्या उजव्या हाताने ती वस्तू उघडून, मिटून, घालून, काढून बघते. सुना हसतात. धाकटी तर एकदा म्हणाली, "आई, माणसाला दोन हात असतात ना." असतात बाई. बहुतेकांना असतात. पण ही खोड मला कृष्णाआत्यांनी लावली. आणि आयुष्यात जिथे तिची खरी गरज होती, नेमकी तिथेच मी ती विसरले.

मुलुंडला आमची बैठी चाळ होती. पन्नास साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील. आठ खोल्या, पुढे ओटा, मागे एक नळ. पलीकडे मोकळं रान, आणि पूर्वेला वारं फिरलं की मिठागरांचा खारा वास यायचा. मी देवगडकडची, त्यामुळे तो वास आला की मला बरं वाटायचं. लग्न होऊन नुकतीच आले होते. हे छापखान्यात होते, सकाळी लवकर जायचे. आमच्या आणि शेजारच्या खोलीमध्ये भिंत म्हणायची ती फळ्यांची. पलीकडे कुणी खोकलं तर इकडे पाणी द्यावंसं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात, चूल पेटवताना, त्या फळ्यांपलीकडून आवाज यायला लागला. सूं... सूं... जाड दोरी हवेत फिरवावी तसा. आणि मध्येमध्ये एका बाईचा आवाज, एकेक नाव घेणारा. "महादू... बापू... हसन... तुका..." मला वाटलं कुणी श्राद्धाला पितरांची नावं घेतंय. पण रोज कसलं श्राद्ध? तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. ओट्यावर जाऊन शेजारच्या दारातून आत डोकावले.

पन्नाशी ओलांडलेली एक बाई, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, पाय रोवून उभी. दोन्ही हातांत लाकडी करेल. ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगते, बाटलीसारखे असतात, खाली जाड, वर मुठीपाशी निमुळते, आणि वजन असं की तळाशी कुणी शिसं ओतलंय असं वाटावं. ते डोक्यामागून पाठीवर सोडायचे आणि झोक्याने पुढे आणायचे. त्या बाईच्या हातात ते असे फिरत होते, जसं आपण गव्हात हात फिरवतो.

त्या थांबल्या नाहीत. शेवटचं, बाविसावं नाव घेतलं, "शिरपा", मग जोडी खाली टेकवली, मांजर खाली ठेवावं इतकी हळू, आणि माझ्याकडे वळल्या.

"काय बघतीस? ये, उचल."

मी एक दोन्ही हातांनी उचलायला गेले. उचललं, पण त्याच्याबरोबर मीच वाकले.

"कुठली गं तू?"

"देवगड."

"मग माडावर चढायचे हात तिकडंच ठेवून आलीस व्हय?"

ही आमची ओळख.

कृष्णाआत्या म्हणजे शेजारच्या बाबुरावांच्या चुलत आत्या. सगळी चाळ त्यांना आत्याच म्हणायची. मिरजेकडच्या एका गावात त्यांच्या वडिलांची तालीम होती. मुलगा नव्हता, आणि त्याचं त्या माणसाने दुःखही केलं नाही. आत्या बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा बाभळीची जोडी करवून हातात दिली. ती महादू, बापू, हसनची बावीस नावं म्हणजे त्यांच्या वडिलांचे बावीस पठ्ठे. आत्यांना आकडे येत होते, चांगले येत होते, पण त्या हात मोजायच्या ते नावांनीच. एका पठ्ठ्याच्या नावाने एक फेरा. "आकड्याला काय, चुकला तर चुकला," त्या म्हणायच्या, "माणूस गाळून चालत न्हाई." लग्नाबद्दल त्या एकदाच बोलल्या, "झालं होतं," एवढंच. मी पुढे विचारलं नाही. त्यांच्याकडे बघून काही गोष्टी विचारायच्या नसतात हे कळायचं.

कुणाचं काही घ्यायचं नाही आणि कुणाला काही मागायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. भाच्याच्या घरात राहत, पण पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उठून घेत. शेंगदाणे, भाकरी, ताक, बास. खुर्चीवर बसत नसत. "अंगाला विचारायचं नसतं, सांगायचं असतं," असं मला दर दोन दिवसांनी ऐकवत, कारण मी सारखी "पाय दुखतात" म्हणत असे.

नळावरची एक गोष्ट चाळीत कितीतरी दिवस चालली. शेवटच्या खोलीतले एक गृहस्थ रोज उशिरा यायचे आणि आपली बादली सगळ्यांच्या पुढे सरकवायचे. ऑफिसची घाई ना. बायका कुरकुरायच्या, बोलायचं कुणी नाही. एके दिवशी त्यांची बादली अर्धी भरली होती. आत्यांनी ती उचलली, हात खांद्यातून सरळ आडवा धरला, आणि उभ्या राहिल्या.

"घ्या की. तुमचीच हाय."

ते घ्यायला पुढे झाले की आत्या हात तसाच ठेवून वळायच्या. गृहस्थ त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालताहेत, बादलीतलं पाणी हलत नाहीये, आणि आत्यांचा चेहरा असा, की जणू वाळत घातलेलं धोतर धरलंय. शेवटी ते म्हणाले, "आत्याबाई, चुकलं." मग बादली रांगेच्या शेवटी गेली. आम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसलो, की माझी कळशी भरून वाहिली.

शिवण मी कुणाकडे शिकले नाही. शाळा चौथीपर्यंत. जुने कपडे उसवायचे, तुकडे जमिनीवर मांडून बघायचे आणि परत जोडायचे, अशी उसवता उसवता शिवायला लागले. यांनी कुणाचं तरी जुनं पायमशीन आणून दिलं, त्यावर चाळीचे पोलकी-परकर सुरू झाले. आत्यांना मशीन फार आवडायचं. समोर मांडी घालून बसायच्या आणि पायाच्या पट्टीकडे बघत राहायच्या. "तुझीबी जोडीच हाय की," म्हणायच्या. "पायानं फिरवतीस एवढंच."

त्या वर्षी शिमग्याला मी पहिल्यांदा माहेरी निघाले. बोटीने जायचं, वळकटी बांधत होते, ती सारखी सुटत होती. आत्या आल्या, मला बाजूला केलं आणि दोरीची एक गाठ मारून दाखवली. तालमीतले लोक जत्रेला निघाले की बैलगाडीत जोड्या अशा बांधायचे म्हणे. चारदा माझ्याकडून मारून घेतली. "आता सोड." मी एक टोक ओढलं. गाठ आणखी बसली. "एक ओढलं की ती रुसती," आत्या म्हणाल्या. "दोन्ही शेपट्या दोन्ही हातांनी एकदम, सारख्याच जोरानं खेच." खेचल्या, तर कळी उमलावी तशी मोकळी झाली. मला त्या गाठीचं इतकं कौतुक वाटलं, की पुढे मी पिठाच्या पिशवीलाही तीच मारायला लागले.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका सकाळी नावं ऐकू येत होती. महादू, बापू, हसन, तुका, गणू, रामा, सातवं नाव अर्ध्यावर थांबलं आणि फळ्या हादरतील असा धप्पकन आवाज आला. मी धावले. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तोंड जरा वाकडं झालं होतं. आणि त्या वाकड्या तोंडाने मला पहिलं काय म्हणाल्या, तर "फरशी फुटली का बघ."

अर्धांगवायू. डॉक्टर आले, मालिश सांगितलं, विश्रांती सांगितली. पाय महिन्याभरात बराचसा आला. हात येईना. बोटं मिटायची नाहीत, दंड उचलायचा नाही. बाबुरावांच्या बायको निर्मलावहिनी रोज सकाळी त्यांची वेणी घालून अंबाडा बांधायच्या. वहिनी हे प्रेमाने करायच्या, खोटं कशाला बोलू. पण तेवढा वेळ आत्या डोळे मिटून बसायच्या, आणि ओठ असे आवळलेले, की दात उपटून घेताहेत.

नळावर एकदा त्यांची कळशी मी भरली आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवली. मी माझी घागर घेऊन परत आले तर त्या नळावर उभ्या. कळशी आणून सगळं पाणी मोरीत ओतलं होतं, आणि आता स्वतः उजव्या हाताने परत भरत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. राग नव्हता. पण मला कळलं. त्यानंतर मी त्यांचं काहीही न सांगता केलं नाही.

मग एक दिवस त्या माझ्या मशीनसमोर येऊन बसल्या. पदराखालून जुन्या नऊवारीचा काठ काढला, चांगला रुंद, मळखाऊ.

"सुशे, मला पट्टी शिवून दे."

"कसली?"

"ह्याला मूठ नाही ना वळत," डावा हात उजव्याने उचलून दाखवला. "मग मूठ बाहेरनं बांधायची. करेल हाताला बांधून दिलं की खांदा आपोआप शिकंल. खांद्याला ठाऊक हाय. बोटं विसरली असतील, खांदा विसरायचा न्हाई."

"आत्या, डॉक्टर विश्रांती म्हणालेत."

"डॉक्टर चांगला हाय. त्याला माझा खांदा ठाऊक न्हाई एवढंच." मग खाली बघत म्हणाल्या, "माझा अंबाडा मला घालता आला पाहिजे, सुशे. एवढा हात मागं गेला की झालं. मग करेल फिरवून मी काय म्हातारपणी कुस्ती खेळणार न्हाई."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी लगेच शिवली. काठ दुहेरी केला, आत कापूस भरला, दोन टोकांना नाड्या लावल्या, मनगटाशी बांधायला. झकास दिसत होती. आत्यांनी बघितली आणि परत माझ्या मांडीवर टाकली.

"ही बांधायची कुणी? तू येणार रोज सकाळी?"

"येईन की."

"नको येऊस. ऊठ. डावा हात पाठीमागं धर."

मी धरला.

"आता घाल ती पट्टी."

मी दहा मिनिटं झटले. नाडी दातात धरली, गुडघ्यात धरली, शेवटी पट्टी खाली पडली. आत्या खदाखदा हसल्या. "आता कळलं? आधी माझा हात घे, मग शीव."

तीनदा उसवली. चौथ्यांदा जमली. एका टोकाला पडद्याची पितळी कडी शिवली. दुसरं टोक मनगटाभोवती आणि मुठीवरून घेऊन त्या कडीतून ओवायचं, दातांनी खेचायचं, की घट्ट. कडी अंगठ्याने जरा कलती केली की सैल. मी डावा हात पाठीमागे धरून घातली, काढली, परत घातली. तेव्हाच आत्यांनी ती घेतली.

दुसऱ्या सकाळपासून फळ्यांपलीकडे पुन्हा नावं सुरू झाली. आता सूं सूं नव्हतं. नुसतं नाव, मग बराच वेळ काही नाही, मग पुढचं नाव. सुरुवातीला त्या करेल बांधून हात नुसता लोंबता सोडून उभ्या राहायच्या. मग तो झुलायला लागला. मग पुढे जायला लागला. श्रावण लागता लागता डावा हात खांद्यापर्यंत आला. गणपतीत एक दिवस मला ओट्यावर बोलावलं आणि बोटं कानाला टेकवून दाखवली; मूठ अजून वळत नव्हती, पण हात पोचला होता. डाव्या हाताची बोटं, डाव्या कानाला. शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारख्या उभ्या होत्या कानाशी हात नेऊन, आणि हसत होत्या. "कानापतूर आला. आता वीतभर मागं जायचं राहिलंय."

आणि त्याच सुमाराला एका सकाळी मी चुलीपाशी नावं ऐकत होते. तोंडपाठ झाली होती मला. बाविसावा शिरपा झाला. म्हटलं, संपलं. तर पलीकडून आणखी एक नाव आलं. "सुशी."

भात करपला त्या दिवशी.

आता गवसणीचं सांगते.

निर्मलावहिनी वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगते. बाबुरावांना कचेरीत बढती मिळाली, घरात रेडिओ आला, दोन वेताच्या खुर्च्या आल्या, फुलाफुलांचे पडदे लागले. नऊ बाय बाराची पुढची खोली, तिथेच सगळं. आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात, रेडिओच्या शेजारी, तेल पिऊन काळी झालेली ती जोडी. एक दिवस बाबुरावांच्या साहेबांची बायको आली. चहा पिता पिता म्हणाली, "अय्या, मिस्टर व्यायाम करतात वाटतं?" वहिनी 'हो' म्हणणारच होत्या, तेवढ्यात आतून आत्यांचा आवाज आला, "माझी हायत ती." त्या बाईला इतकं हसू आलं, की चहा बशीत सांडला.

संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. "सुशीला, माझी वाट लागली गं आज. तू असं कर, त्या जोडीला एक गवसणी शिवून दे. तंबोऱ्याला असते ना, तशी. पडद्याच्या कापडातलं उरलंय माझ्याकडे. पडद्यात पडदा, कुणाला दिसणार पण नाही."

"आत्यांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाल्या, शिव की, लाकडालाबी अब्रू असती."

झालं. मला तर हुरूपच आला. पोलकी-परकर शिवून कंटाळले होते. आतून मांजरपाट, बाहेरून फुलांचं कापड, तळ गोल आणि जाड, म्हणजे फरशीवर आवाज नको. दोन्ही करेल उभे राहतील असे दोन कप्पे. वर नेफा, नेफ्यात जाड गोंडेदार नाडी. फुलाला फूल जुळवून शिवण मारली, कुठे जोड दिसेना. मी तेव्हा सहाव्या महिन्यात होते, पाठ धरायची, तरी दोन दिवसांत पुरी केली. वहिनी तर खूश झाल्याच, मी स्वतः इतकी खूश झाले, की डावा हात पाठीमागे धरायचं मला सुचलंच नाही. गिऱ्हाईक वहिनी होत्या ना. वहिनींना दोन हात होते.

खंडेनवमीला नेऊन दिली. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. विळी, सुरी, माझी कात्रीही मी नेली होती. आत्यांनी जोडी पुसून ठेवली होती. मी ती गवसणीत घातली. नऊवारीच्या काठाची पट्टीही, हरवू नये म्हणून, आतच ठेवली. आणि नाडी आवळून, आत्यांना दाखवायला म्हणून मुद्दाम, त्यांचीच ती तालमीची गाठ मारली. आत्यांनी उजव्या हाताने हळदकुंकू वाहिलं. बाबुराव म्हणाले, "वा, आता शोभतेय."

दसरा झाला. फळ्यांपलीकडे सकाळी शांत. पूजेतली वस्तू लगेच काढत नाहीत, म्हटलं काढतील. मग दिवाळीचं शिवण अंगावर आलं, चाळीतल्या प्रत्येक पोरीला नवा परकर हवा होता. एकदा ओट्यावर मी विचारलं, "आत्या, हजेरी बंद झाली वाटतं?"

"पोरं सुट्टीवर गेलीत," आत्या म्हणाल्या.

मी हसले. त्याही हसल्या. गवसणी कोपऱ्यात नीट उभी दिसायची, गाठ वर. मला वाटायचं, फिरवून परत घालून ठेवतात, किती टापटीप. आणि फिरवत नसतील तर थंडीने खांदा धरला असेल. आवाज येत नाही, नावं येत नाहीत, हे मला ऐकू येत होतं. ऐकू येऊन मी पुढे काही केलं नाही. पोटातलं मूल, मशीन, दिवाळी. कारणं खूप होती आणि सगळी खरी होती.

दिवाळीनंतर मी बाळंतपणाला माहेरी गेले. परत आले ती शिमग्याच्या सुमाराला, मांडीवर मुलगी घेऊन. बोटीवरून उतरल्यावर यांचा चेहरा बघून कळलं, काहीतरी आहे. दीड महिन्यापूर्वी आत्यांना दुसरा झटका आला होता आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं होतं. ओली बाळंतीण म्हणून यांनी पत्रात कळवलं नव्हतं.

वहिनी मुलीला बघायला आल्या. बाळाच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि माझ्याकडे बघून रडायला लागल्या. मग म्हणाल्या, "ती जोडी तू घेऊन जा गं. यांना बघवत नाही."

"शेवटी शेवटी फिरवत होत्या का?"

"कुठे गं. दसऱ्यापासून हातच नाही लावला. मला वाटलं, सोडलं त्यांनी. बरं झालं म्हटलं, वय झालं. हात पण परत खाली गेला होता त्यांचा, छातीच्या वर येत नव्हता. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ना?"

मी त्यांच्या खोलीत गेले. गवसणी रेडिओशेजारी होती तशीच. मी खाली बसले आणि गाठ सोडायला दोन्ही शेपट्या धरल्या.

शेपट्या सारख्या नव्हत्या. मी बांधली तेव्हा दोन्ही सारख्या ठेवल्या होत्या, गोंडे जुळवून. आता एक बोटभर उरली होती आणि दुसरी वीतभर लांब झाली होती. त्या लांब शेपटीचा गोंडा गेला होता. टोक पिंजलेलं होतं, चपटं झालेलं, आणि त्यावर दात उमटले होते. एकदा नव्हे. पुष्कळदा. गाठ चिंचोक्यासारखी कडक झाली होती. मी दोन्ही हातांनी, माझ्या धड दोन्ही हातांनी, घाम येईपर्यंत खेचली. सुटली नाही. शेवटी कात्रीने कापली, खंडेनवमीला जिची पूजा केली होती त्याच कात्रीने. आत जोडी होती, आणि वर, मी ठेवली तशीच घडी केलेली, काठाची पट्टी.

बाजूच्या खोलीत वहिनी होत्या. पलीकडे फळ्यांमागे मी होते. "जरा एवढं सोडून दे गं," एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या बाईने माझ्या हातचं कळशीभर पाणी मोरीत ओतलं होतं, ती हे म्हणणार नाही, हे मला सोडून कुणाला ठाऊक असणार होतं?

ती जोडी माझ्याकडे आहे. गवसणी पुन्हा शिवली नाही, उघडीच ठेवते. मला ती फिरवता येत नाही. पण काही सकाळी एक करेल उचलते आणि मनात नावं घेते, महादूपासून शिरपापर्यंत. तिथे थांबते.

मला आत्या आठवतात त्या मी बाळंतपणाला माहेरी निघाले त्या दिवशीच्या. टांगा आला होता, हे वळकटी ठेवत होते. मी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. त्या कोपऱ्यात गवसणीपाशी बसल्या होत्या, एकट्याच, अंबाडा वहिनींनी घातलेला. मला पाहून त्यांनी पटकन उजव्या हाताने तोंडावरून पदर फिरवला. मला वाटलं, मी जाते म्हणून डोळे भरलेत. मी अवघडलेली, खाली वाकता येईना, तशीच हात जोडून उभी राहिले. आत्यांनी मला नखशिखान्त पाहिलं, मग त्या गाठीवर बोट ठेवलं.

"बरोबर मारलीस गं, सुशे," त्या म्हणाल्या. "विसरली न्हाईस."

मला इतका आनंद झाला. टांग्यात बसल्यावर यांना मी सांगितलंसुद्धा, की आत्यांनी आज मला शाबासकी दिली.